पट्टी दिसेना, तर वर जा

कॅप्टन यशवंतराव सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांचे विद्यार्थी म्हणाले, आजी, गौरव अंकात तुम्हीही लिहा. मी दुसरीपर्यंत शिकले. शब्द मोजके येतील, पण खोटा एकही येणार नाही.

सरांची पहिली ओळख आमच्या हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात झाली. निवृत्त होऊन ते रोह्याला राहायला आले होते आणि मूर्ती ठरवायला आमच्याकडे आले. मी डोळे आखत होते, आणि हे नेमके दारात उभे. मी म्हटलं, "घ्यायची तर घ्या, नायतर उजेड सोडा." एवढी विमानं चालवलेला, पोरांना चालवायला शिकवणारा माणूस, पण मुकाट्याने बाजूला झाले. थोड्या वेळाने आभाळ भरून आलं तसा मी ब्रश खाली ठेवला.

"का थांबलात वहिनी?"

"दिसत नाय तर डोळे कसले आखायचे? उद्या बघू."

सर मोठ्याने हसले. म्हणाले, "एवढंच शिकवायला मला एकेका पोरावर वर्ष घालवावं लागतं."

माझी नात सायली तिथेच रंग कालवत बसली होती. तिला वैमानिक व्हायचं होतं. मी तिला म्हणायचे, आधी स्कूटर नीट लाव. सरांनी मात्र तिला शिष्या केलं. दर रविवारी ते रेल्वेने जिते स्टेशनला उतरत, तिथून रिक्षाने येत आणि वाळत्या मूर्तींमध्ये बसून शिकवत. सायलीला दहा मिनिटं उशीर झाला की वही मिटून परत जात. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. मला एकदा म्हणाले, "वहिनी, तुमची डाव्या डोळ्याची आखणी वाकडी येते. घरातलं कोणी सांगणार नाही, मी सांगतो." मी दोन रविवार त्यांच्याशी बोलले नाही. मग त्यांनीच मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला.

त्यांची विद्या ऐकून ऐकून मलाही थोडी कळली. उतरताना विमानाचा वेग किती, त्यावरून त्याचा वर्ग ठरतो. सगळ्यात हळू ते ए, मग बी, सी, डी. ढगात काट्यांवर नजर ठेवून खाली यायचं. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर वर जायचं. त्या उंचीला मिनिमा म्हणतात. पट्टीला वळसा घालून उतरायचं तर वेगवान वर्गाला जास्त जागा लागते, म्हणून त्याचा आकडाही बहुतेक वेळा जास्त.

पुढे सायली विमान चालवायच्या शाळेत गेली, आणि उड्डाणाच्या पहिल्या परीक्षेत तिने इथेच माती खाल्ली. मागून मोठं विमान येत होतं, म्हणून विमानतळावरून तिला वेग वाढवून ठेवायला सांगितलं. तिने बी वर्गाचा वेग घेतला, पण उंची ए च्या रकान्यातली धरली. परीक्षकांनी तिथेच थांबवलं. नापास. सीझनला घाई करायची सवय आमच्या कारखान्यातलीच. हात भरभर चालतो, पण नजर जुन्याच जागी राहते.

घरी येऊन पोरीने पुस्तकं बांधून ठेवली. मीही म्हटलं, "पुरे झालं गो. हात चांगला हाय तुझा, आखणीला बस."

सर आले. तिचे डोळे पुसायला गेले नाहीत. "चुकलीस. कुठे चुकलीस ते सांग." तिने रडत सांगितलं. "परत सांग." तिसऱ्यांदा सांगताना रडू थांबलं. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, ती पुन्हा बसणार की नाही हे तिला ठरवू द्या. तुम्ही रंग बघा." मला असं बोलणारा दुसरा माणूस पेण तालुक्यात नाही.

ती पुन्हा बसली. त्या दिवशी ढग खरोखरच खाली आले होते. सर आमच्याकडेच येऊन बसले होते. चहाला हात लावला नाही. सायलीचा फोन आला.

"सर, पट्टी दिसली नाय. मी वर गेले. दुसऱ्या विमानतळावर उतरलो."

"आकडा कुठला धरलास?"

"बी चा. वेग वाढवला होता."

सरांनी फोन ठेवला आणि गार चहा एका घोटात संपवला. म्हणाले, "झाली पास."

मी म्हटलं, "व्हय? जिथे उतरायचं तिथे उतरली नाय, आणि पास कशी?"

"म्हणूनच पास," सर म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. संध्याकाळी परीक्षकांनीही तेच कळवलं.

सायली आता दुसऱ्यांची पोरं घेऊन आकाशात जाते, आणि मी जेवून स्वस्थ झोपते. सरांचे उपकार मानायचे तर एवढंच सांगते. सर, गुडघे सांभाळा, गोड कमी खा, अजून खूप पोरं तुमची वाट बघत आहेत. आणि वरून बोलावणं आलंच, तर स्पष्ट सांगा, पट्टी दिसत नाय, आणखी एक फेरी मारतो.