तिकडे अजून उजाडलं नाही

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. भावाच्या नाही, शेजारच्या तिवारीभाभींच्याही नाही — आमच्या घरातलं बाकी सगळं ज्यांना ठाऊक असतं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी भोपाळमध्ये एका शाळेत भूगोल शिकवते. रेखांश, प्रमाणवेळ, सूर्य कुठे आधी उगवतो — नववीच्या मुलांना हे इतक्यांदा शिकवलंय की झोपेतही चुकणार नाही. म्हणून माझी चूक झाली, असंसुद्धा मला म्हणता येत नाही.

वडील नोकरीसाठी नागपूरहून इथे आले. ते गेल्यावर शिवाजी नगरचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आई नि मी जवळच दोन खोल्यांत राहायला आलो. धाकटा भाऊ मंदार टोरांटोला. आईची साखर, इन्सुलिन, मोतीबिंदू, गुडघे — सगळं माझ्याकडे. आणि त्याच्याकडे काय? रविवारचा फोन. त्या फोनवर आईचा चेहरा असा खुलायचा — माझ्यासाठी कधी खुलला होता का तसा? "नीलू आहे ना इथे, काळजी करू नकोस," ती त्याला सांगायची. आहे ना इथे. घरात फ्रिज आहे, गॅस आहे, तशी नीलू आहे.

एका रविवारी संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आई म्हणाली, "मंदारला लाव गं फोन." मी पेपर तपासत होते. दमले होते — नाही, दमणं नव्हतं ते. मला तो चेहरा बघायचा नव्हता.

"तिकडे मध्यरात्र आहे आत्ता, आई."

टोरांटोत तेव्हा लख्ख सकाळ होती.

"मग राहू दे. झोपू दे त्याला," ती म्हणाली. भूगोलाच्या बाईवर कोण शंका घेणार?

इतकं सोपं होतं. फोन माझा, तिला त्यातलं दिसायचं नाही. पुढच्या रविवारीही मी तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. मंदारला दुसऱ्या बाजूने सांगितलं — आई लवकर झोपते आता, बोललं की दमते, तू मेसेज कर, मी वाचून दाखवीन. दाखवले का? काही दाखवले. बरेचसे नाही.

एकदा तिने विचारलंच, "सकाळी विचारलं तरी रात्र, संध्याकाळी विचारलं तरी रात्र. तिकडे उजाडतं तरी केव्हा गं?" त्याला रात्रपाळी लागलीय, दिवसा झोपतो, असं मी म्हणाले. किती सहज आलं ते तोंडून. ती म्हणाली, "एवढा झोपतो — तब्येत बरी आहे ना त्याची?"

आणि तिने त्याच्यासाठी संकष्ट्या धरल्या. डॉक्टरांनी उपास बंद केले होते. मी रागावले, ओरडले. पण तो ठणठणीत आहे, मजेत आहे, दिवसा कामावर जातो — एवढं एक वाक्य बोलले असते तर उपास तिथेच सुटला असता. ते माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं नाही, की मी काढलं नाही?

मग ती चोरून उपास करायला लागली. मी सकाळी इन्सुलिन देऊन, पोहे झाकून शाळेत जायची. "खाते गं," ती म्हणायची. एक दिवस शाळेत तिवारीभाभींचा फोन आला, "दीदी, जल्दी आइए, अम्मा उठ नहीं रही हैं." मी पोचले तेव्हा पोहे झाकलेलेच होते. देवापुढे दूर्वा वाहिलेल्या.

जीव वाचला. पण साखर फार वेळ खाली राहिली होती. वाचा गेली, ती गेलीच.

मंदार आला. तिचा हात धरून बसून राहिला. ती त्याच्याकडे बघत घशातून काहीतरी आवाज काढत होती, आणि त्यात काय होतं हे खोलीत फक्त मला कळत होतं. बाहेर व्हरांड्यात त्याने विचारलं, "ताई, तिला माझ्याशी बोलावंसंच वाटत नव्हतं का गं?"

"कुणाशीच बोलत नव्हती रे," मी म्हणाले.

तो रडला. माझंच चुकलं म्हणाला, मीच लांब गेलो. मी त्याला तसं म्हणू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या वेळी मला बरं वाटलं — हेही सांगून टाकते.

काही आठवड्यांनी आई गेली. दिवस करून मंदार निघाला. दारात वाकून माझ्या पाया पडला. "आईचं सगळं तू केलंस, ताई," म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.