कॅप्टन सुमनताई

बेशुद्ध रुग्णाला हात लावण्याआधीही सुमनताई आपलं नाव सांगत. "मी सुमन. गाव कवठे महांकाळ. आता पट्टी सोडते, जरा दुखेल." सांगलीत विश्रामबागच्या दवाखान्यात मी नवखी नर्स होते, मला हसू यायचं. एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "डोळे बांधलेल्या पोराला नुसता हात लागला की तो दचकतो गं. त्याला वाटतं, पुन्हा काहीतरी झालं."

एकाहत्तरच्या लढाईत त्या सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात नर्स होत्या, हुद्दा कॅप्टनचा. तोफांच्या हादऱ्यांनी सलाईनच्या बाटल्या किणकिणायच्या, एवढंच एकदा बोलल्या. लढाईनंतर गावात जवानांचा सत्कार होता. आपल्यालाही बोलावलंय असं समजून त्या गणवेश घालून गेल्या. सरपंचांनी हातात आरतीचं ताट दिलं. "ताई, तुमी जवानांस्नी ओवाळा." त्यांनी सगळ्यांना ओवाळलं, आणि पुढे गावी जाणंच सोडलं. लग्नाचा विषय निघाला की म्हणत, "परक्या पुरुषांत राहून आलेली बाई कुणाला हवी असते?" आवाजात राग नसायचा. जेवायला मात्र कायम एकट्या बसायच्या.

एके दुपारी जतकडची एक म्हातारी त्यांना शोधत आली. "माझा ल्योक लढाईत गेला. तुमी तिथं व्हता म्हनं. शेवटाला त्यानं पानी मागितलं का, तेवढं सांगा."

सुमनताईंनी नाव, पलटण विचारली. मला वाटत होतं, हो म्हणावं, म्हातारीचं समाधान होईल.

"आई, तुमचा ल्योक माझ्याकडं आला न्हाई. खोटं कसं सांगू?"

म्हातारी म्हणाली, "तुमच्याकडं आल्यालं कुनी गेलं?"

"गेले."

"तवा जवळ कोन व्हतं?"

"मी होते."

"मग माज्या लेकाजवळ बी कुनीतरी असंलच." पदरानं तोंड पुसून ती उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "आन् बाई, तुमच्याजवळ कोन हाय?"

मी सुमनताईंच्या शेजारीच ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी होते. मी आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं? पण सुचलं नाही.

पुढच्या वर्षी लग्न होऊन मी साताऱ्याला आले. दोन वर्षांनी कळलं, कावीळ होऊन सुमनताई गेल्या. शेवटी जवळ कोण होतं, हे विचारायला मी दवाखान्याला पत्र लिहिलं. कुणालाच नक्की सांगता आलं नाही.