नाना पहिल्या रांगेत

शिवणाचा वर्ग भरला नाही म्हणून मी नाटकात गेले. करायला गेले गणपती नि झाला मारुती, दुसरं काय! जळगावच्या एका कॉलेजात बाहेरच्या लोकांसाठी संध्याकाळचे सहा महिन्यांचे कोर्स सुरू झाले होते. मुलगा अकरावीला गेला होता, दुपारनंतर घरात माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं, म्हणून मी शिवणाला नाव घातलं. तिथे आम्ही तिघीच. खिडकीवरच्या क्लार्कने परस्पर माझं नाव शेजारच्या नाटकाच्या यादीत ढकललं आणि वर म्हणाला, "शिकायचंच आहे ना ताई? मग हेही शिकणंच." मला असा राग आला! माझं नाव काढा, हे सांगायला मी तावातावाने त्या वर्गात शिरले.

तिथले सर तिशीही न गाठलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. आता असंच, पाण्याच्या नळावर आहात असं समजून भांडा." आमच्याकडे पाणी रोज येत नाही. नळावरचं भांडण मला कोणी शिकवायची गरज नव्हती. समोर बँकेतून रिटायर झालेले एक काका खोटा हंडा धरून उभे राहिले. मी त्यांना असं फैलावर घेतलं की शेवटी त्यांनी हंडा खाली ठेवला आणि नंबर सोडला. सगळा वर्ग हसत होता. मग काका म्हणाले, "चला, चहा घेऊ."

मला याचंच नवल वाटलं. पोटभर भांडण झालं आणि कुणाचा अबोला नाही, रुसवा नाही, रात्रीच्या जेवणावर त्याची सावली नाही. रिक्षात मी एकटीच हसत होते. नाव काढायचं त्या दिवशी राहिलं, ते राहिलंच.

घरी मात्र नळावरच्या वाघिणीची मांजर व्हायची. माझे सासरे, नाना, पारोळ्याकडच्या गावी असतात, शेती बघतात, महिन्यातून दोनदा आमच्याकडे येतात. त्यांच्यासमोर मी डोक्यावर पदर घेते आणि बोलत नाही. तसं कोणी बजावलं नव्हतं. सासूबाई तशाच होत्या, जावा तशाच आहेत. नाना वाईट नाहीत हो. पण चहा हवा असला की नातवाला सांगणार, "तुन्ही मायले सांग, च्या टाक म्हना." आणि मी तीन फुटांवर उभी! मग मी मुलाच्या कानात विचारणार, साखर घालू का. मुलगा बोलायला लागण्याआधी ही टपालाची नोकरी त्याच्या बापाकडे होती. वीस वर्षं असंच चाललं होतं आणि आम्हा कोणालाच त्यात हसू येत नव्हतं.

कोर्सच्या शेवटी एकांकिका बसवली. मी सरपंच. गावातला एक म्हातारा ग्रामसभेत मला बोलूच देत नाही. शेवटी मी टेबलावर हात आपटते आणि म्हणते, "खाली बसा आबा! आता मी बोलणार आहे." आबा म्हणजे आमचे बँकवाले काका. त्या दोन वाक्यांसाठी मी महिनाभर पोळ्या करपवल्या. प्रयोग आधी जळगावात कॉलेजच्या हॉलमध्ये आणि मग धुळ्याला, एका रात्रीच्या मुक्कामाने.

मुक्काम म्हटल्यावर नवरा डोकं खाजवू लागला. "माझी ना नाही. पण नानांना विचारावं लागेल." चाळिशी उलटलेली बाई मी, तरी विचारावं लागेल! त्याने फोन लावला. पलीकडून नाना म्हणाले, "पयले देखसू, मंग सांगसू." म्हणजे आधी नाटक बघणार, मग काय ते सांगणार.

ते नाही म्हणाले असते तर मी त्यांच्याशी भांडले नसते, हे मला ठाऊक होतं. गप्प बसले असते, आणि मग पुन्हा कधी नाटकाकडे फिरकले नसते. मला तर नाटक हवं होतं. लग्नानंतर एवढं हवंसं असं दुसरं काही मी स्वतःसाठी मागितलंच नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी नवरा मुलाला आणि नानांना घेऊन आला. मी नवऱ्याला शेवटच्या रांगेत बसायला बजावलं होतं. पण दारातल्या पोरींनी पांढरं धोतर आणि टोपी बघितली, कोणी प्रमुख पाहुणेच समजल्या, आणि नानांना नेऊन पहिल्या रांगेत मधोमध बसवलं.

मला हे माहीत नव्हतं. पदर कमरेला खोचून मी ऐटीत सभेला आले, टेबलावर हात आपटला, आणि समोर नाना. माझा हात आपोआप कमरेकडे गेला. पदर सुटला, डोक्यावर आला, मान खाली गेली. सरपंचबाईंनी पदर घेतला! मागे कोणीतरी खुदकन हसलं. काका हळूच म्हणाले, "बोला." मी पदर आणखी पुढे ओढला.

तेवढ्यात नाना उठले. काठी टेकत, सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत रांगेतून बाहेर पडले आणि दाराकडे चालू लागले. संपलं, मला वाटलं. धुळं गेलं, नाटक गेलं. मग संताप आला, हा माणूस माझं एक वाक्यही ऐकून घेत नाही! पदर झटकला आणि ओरडले, "खाली बसा आबा! आता मी बोलणार आहे." त्यापुढचं सगळं मी त्याच रागात बोलले. टाळ्या पडल्या.

तोंडाचा रंगही न पुसता बाहेर आले. नाना गेले नव्हतेच. हॉलच्या शेवटी, दाराआड, वॉचमनच्या खुर्चीवर बसले होते. वॉचमन बिचारा उभा. मी पदर घेतला आणि थांबले. नाना सवयीने नातवाला शोधू लागले, पण तो वडापाव आणायला गेलेला. शेवटी ते माझ्याकडेच बघून म्हणाले, "मी समोर बठेल व्हतू म्हनीन तुन्हा आवाज निंघत नव्हता. मंग मी आठे ईसन बठनू." मग काठी बाजूला टेकवून म्हणाले, "वीस वरीसमा आज मी तुन्हा आवाज ऐका."

मला रडू आवरेना. इतका वेळ मी ज्या रागाच्या जोरावर बोलले, त्याला काही आधारच नव्हता.

"धुयाले जाय," नानांनी धुळ्याला जायची परवानगी दिली. "मी बी येसू. मांगे बठसू."

"नही नाना," मी म्हटलं, आणि ते वॉचमनलाच काय, फाटकावरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेलं असेल. "समोरच बठा."