गार झालेला हुरडा

गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजल्याचा वास आला की मला मोडनिंबच्या शिवारातली हुरडा पार्टी आठवते. सोलापूरहून चार गाड्या भरून आईबाप आले होते, पोरांच्या कौतुकाने छात्या अशा फुगलेल्या की गाड्यांची दारं लागेनात. शेतमालक आगटीतली कणसं चोळून गरम हुरडा समोर ओतत होता, तेवढ्यात एका आईने टूम काढली, "आधी सतराचा पाढा, मग खायचं." दुसरीने लगेच देशांच्या राजधान्या काढल्या, तिसऱ्याने इंग्रजी कविता. पोरं लाळ गिळत अशी केकाटली की माढ्याची कुत्री भुंकायला लागली. "आवो, गार हुतंय, खाऊ द्या की लेकरास्नी," शेतमालक म्हणाला. ऐकतंय कोण? माझी भाची तेवढी आगटीला चिकटून शेंगाचटणीसंगं बकाणे भरत होती. बहीण शरमेने काळीठिक्कर. "सगळ्यांची पोरं कुठं पोचली बघ. तू पण म्हण की काहीतरी." भाचीने घास गिळला आणि म्हणाली, "मामा, अजून घे की, लई गोड आहे." स्पर्धा संपली तेव्हा आगटी विझलेली, हुरडा चिवट झालेला; विद्वान पोरांनी गाडीत बिस्किटं खाल्ली. यंदा तीच मंडळी पुन्हा निघालीत, म्हणे कुणाचं पोर कुठल्या क्लासला ते ठरवायचंय. भाची आणि मी तासभर आधीच पोचणार आहोत.