वरच्या अण्णांचा कायमचा पत्ता

वस्तूला नुसतं नाव देऊन ज्याच्या जिवाचं समाधान होत नाही असा या पृथ्वीतलावर एकच मनुष्य आहे, आणि तो नेमका येलहंक्यात आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतो. मूळचे निपाणीकडचे. सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही. भाषेच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला आहेत. काय काम, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की तेवढ्यात मी अस्खलित कन्नड शिकले असते.

माझ्या बुद्धीला झेपलं ते असं : लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, लिहून काढायचं आणि शब्दाशब्दाला चिठ्ठी लावायची, हे नाम, हे क्रियापद. इथवर मी त्यांच्याबरोबर असते. पण प्रत्येक प्रयोगशाळेच्या चिठ्ठ्या निराळ्या. म्हणून साऱ्या जगाची मिळून इंटरनेटवर एक सामायिक नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक कल्पनेची व्याख्या आणि तिचा कायमचा पत्ता. आपली चिठ्ठी त्या पत्त्याला जोडायची. इथे माझा हात सुटतो.

"वैनी, सोपं हाय," अण्णा म्हणतात. "तुम्ही दाण्याचं कूट म्हणता, समोरच्या अक्का कडलेकाय पुडी. डब्यात एकच. पण यंत्राला कसं कळणार?"

"झाकण उघडून बघावं," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मला ताप आल्यासारखं वाटलं.

त्यांच्या स्वयंपाकघरात एकाही डब्यावर नाव नव्हतं, फक्त क्रमांक. क्रमांकाचा अर्थ त्यांनीच बनवलेल्या पानावर, फोनवर बघायचा. त्यांच्या आई, अव्वा, डबा हुंगून फोडणी टाकत. "नंबर कशाला रं? नाक हाय की मला!" मला मात्र ती व्यवस्था भलतीच देखणी वाटली. मी माझेही डबे त्यांच्या हवाली केले. सत्यनारायणाच्या सकाळी फोनवर बघून मोठ्या भक्तिभावानं शिरा केला. आदल्या दिवशी अण्णांनी पान 'सुधारलं' होतं आणि सगळे क्रमांक एकेक घर पुढे सरकले होते. समोरच्या अक्कांनी प्रसाद कपाळाला लावला, तोंडात टाकला, डोळे मिटले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, "स्वल्प उप्पु जास्ती." म्हणजे, मीठ जरा जास्त. साखर नव्हतीच, फक्त मीठ! अव्वा इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

अव्वांचं बोलणंही अण्णांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तंबाखूच्या वखारीतल्या गोष्टी. सुरुवात मराठीत, भांडण कन्नडात, आणि शेवट दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी गावात. ते बोलणं जगाच्या संग्रहात जावं, हा एकच ध्यास. पण शब्दाशब्दाची जोडणी पुरी असेल तरच संग्रहवाले ते घेणार होते. अण्णांनी ती पुरी केली. पुढं अव्वा गेल्या. आणि मग ती सामायिक नोंदवही सांभाळणाऱ्या मोठ्या शहाण्यांनी तिचं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं. कायमचे पत्ते बंद! अव्वांच्या प्रत्येक शब्दाची चिठ्ठी कुठेच न पोचणारी.

"आमच्या शिऱ्यासारखं झालं की हो," मी म्हटलं आणि जीभ चावली. अण्णा पायरीवर बसले होते. "संग्रहातनं वगळतील, वैनी. पुन्हा जोडायला पायजे. नुसतं वाचून नाही जमत, ऐकून ठरवावं लागतंय."

मग रोज संध्याकाळी वरून अव्वांचा आवाज यायला लागला. एकच वाक्य पुन्हा, पुन्हा. मी कणीक मळता मळता वखारीतल्या मुकादमाला शिव्या द्यायला शिकले. काम झरझर उरकेल असं वाटलं होतं. अण्णा ते गोगलगाईच्या चालीनं करत होते. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी संग्रहानं सगळं घेतलं. अण्णा धारवाडी पेढे घेऊन खाली आले, ठेवले आणि बसले. "सरी," म्हणाले, "झालं. आता ऐकायला काय निमित्त नाही."

मी पेढ्यांचा पुडा सोडला. म्हटलं, "पण अण्णा, ती चिठ्ठी पत्त्याला का जोडायची, ते काही मला अजून कळलेलं नाही."

अण्णा ताडकन उठले. "अजून नाही? थांबा, उदाहरण ऐकवतो!" लॅपटॉप आला, आणि माझ्या बैठकीत अव्वा मुकादमावर कडाडल्या.

तेव्हापासून दर रविवारी मी तोच प्रश्न विचारते. नाटक नाही, खरोखरच कळलेलं नाही. आणि चुकून कधी कळू नये म्हणून हल्ली मी फार जपते.