वसुधाच्या खिडकीतल्या मेणबत्त्या

वसुधाला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. सासूबाईंना ती दर हिवाळ्यात जर्मनीहून कळवायची की इथं थंडी फारशी वाजत नाही. नवऱ्यानं, श्रीनाथनं, हौसेनं आणलेला बेढब कोट "छान आहे हो" म्हणून तिनं झिजेपर्यंत वापरला. पण आपण कोण, कुठल्या बाजूचे, असा प्रश्न आला की खोट्याला तिची जीभ वळायची नाही.

याची पहिली झळ तिच्या वडिलांना बसली. सत्तावन्न सालची गोष्ट. श्रीनाथ डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होता आणि वसुधा कऱ्हाडला माहेरी राहून मुलींच्या शाळेत शिकवत होती. आप्पा खादीधारी, काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. त्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर गाव उभं चिरलं गेलं होतं. सख्खे शेजारी एकमेकांच्या दारावरून मान वळवून जात होते. मतदान करून आल्यावर पानावर बसताना आप्पा समाधानानं म्हणाले, गावाचं काही का होईना, आपल्या घरची मतं तरी पक्की.

वसुधा भात वाढत होती. ती म्हणाली, "माझं नाही, आप्पा. मी समितीला दिलं."

आप्पा भात न कालवताच उठले. पुढचे कितीतरी दिवस ते तिच्या हातचं जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत. आई लहानपणीच गेलेली. घरात बाई अशी वसुधाच. धाकट्या दिनकरला तिनंच वाढवलेलं. तो तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातून सुट्टीवर आला होता. स्वयंपाकघरात येऊन त्यानं हळूच समजावलं की मतपेटीत कुणी डोकावून बघत नाही, आप्पांना हो म्हणून टाकलं असतं तर काय झिजणार होतं. वसुधानं त्याच्या हातात लाटलेल्या पापडांची परात दिली आणि गच्चीवर वाळत घालायला पाठवलं.

पुढच्या वर्षी ती श्रीनाथकडे आली. त्याला लुडविग्सहाफेनच्या रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. रस्त्यावरच्या एका चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. बरोबर खाली पहिल्या मजल्यावर फ्राऊ बेंडर, युद्धात नवरा गेलेल्या. इमारतीचे नियम, म्हणजे हाउसऑर्डनुंग, जिन्यात चौकटीत लावलेले होते, पण ती चौकट नसती तरी चाललं असतं, बेंडरबाई होत्या. जिना पुसायची पाळी कुणाची, गालिचे कधी झोडपायचे, दुपारी कितीपर्यंत आवाज करायचा नाही, सगळं त्यांच्या तोंडात. वसुधानं पहिल्या दिवाळीला बेसन मिळेना म्हणून हरभऱ्याची डाळ कॉफीच्या यंत्रात दळायला घेतली, ती नेमकी दुपारच्या शांततेच्या वेळी. बेंडरबाई वर आल्या. वसुधानं निमूट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, अजून काय काय नियम आहेत? बेंडरबाई चपापल्या. असं कुणी विचारलं नव्हतं त्यांना.

तेव्हापासून वसुधाचं जर्मन बेंडरबाईंच्या हाताखाली तयार झालं. त्यामुळे त्यात आज्ञार्थ फार. श्रीनाथ म्हणायचा, "तू पाव मागितलास तरी मला जिना पुसायला उठावंसं वाटतं."

चौसष्टच्या दिवाळीला दिनकर पाहुणा आला. तो तीन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला होता, बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यांच्या गावात ओतकामाच्या कंपनीत होता. बायकोला, सुलेखाला, सुट्टी मिळाली नाही म्हणून एकटाच आला. वसुधाला इतक्या वर्षांनी भाऊबीज मिळणार होती. तिनं ओटच्या पोह्यांचा चिवडा केला (श्रीनाथ त्याला घोड्याचा चिवडा म्हणायचा आणि वाटीभर खायचा), करंज्या केल्या. एरवी ती दिवे मागच्या अंगणाकडच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लावायची. यंदा भाऊ येणार म्हणून रस्त्याकडच्या बैठकीच्या खिडकीत लावायचे असं तिनं ठरवलं. पणत्या कुठल्या मिळायला. जॅमच्या रिकाम्या बरण्यांत मेणबत्त्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिनं त्या ओळीनं पेटवल्या आणि प्रसाद आणायला आत गेली. परत आली तर पडदा ओढलेला. तिला वाटलं, वाऱ्यानं सरकला. तिनं तो बाजूला केला. जेवायला बसेपर्यंत पुन्हा ओढलेला. तेव्हा तिनं दिनकरकडे पाहिलं.

तो म्हणाला, "ताई, रस्त्यावरून सगळं दिसतं गं."

"दिसावं म्हणूनच लावलेत."

मग हळूहळू त्याच्या तोंडून निघालं. ऑक्टोबरात तिकडे निवडणूक झाली होती. दिनकर आणि सुलेखा दोघंही मत द्यायला गेली होती. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून त्यांना मत होतं. त्यानं सूट घातला होता, तिनं लग्नातली पैठणी. देशभर मजूर पक्ष जिंकला आणि त्यांच्या मतदारसंघात मात्र हरला. जिंकला तो या परक्या रंगाच्या लोकांना आवरा म्हणणारा. प्रचारात काय काय भिंतींवर लिहिलं होतं, ते दिनकरनं सांगितलं नाही. तेवढंच म्हणाला की निकालाच्या दुसऱ्या दिवशीपासून रस्त्यात कुणी गुड मॉर्निंग म्हटलं की मनात येतं, यानं कुणाला दिलं असेल?

श्रीनाथनं विचारलं, कुणी काही त्रास दिला का. दिनकर नाही म्हणाला. कुणी काहीच केलं नव्हतं. यानंच दारावरची नावाची पाटी काढून ठेवली होती. पितळेची, सुलेखानं हौसेनं करून घेतलेली, वर इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. शेजाऱ्यांना आता त्यानं नाव डिक सांगितलं होतं. दिनकरपेक्षा त्यांना सोपं जातं, म्हणाला.

पाटीचं वसुधाला एवढं वाटलं नाही. पण आपण हाताला धरून शाळेत नेलेला मुलगा, कुणी एक शब्द बोलायच्या आत स्वतःला दारावरून उतरवून ठेवतो, हे तिला सोसवेना. हा असाच परत गेला तर पुढच्या वेळी नाव सांगताना आवाजही खाली आणेल. आठवड्याभरात तो परत जाणार होता. तिच्या हातात काय होतं? एक खिडकी. तिनं उठून पडदा उघडला.

"तुला इथं मतसुद्धा नाही," दिनकर म्हणाला. "आणि दिवे लावतेस."

"दिव्याला मत लागत नाही."

"दिनकरराव," श्रीनाथ म्हणाला, "करंजी घ्या. या बाबतीत सहा वर्षांत माझं एकदाही चाललेलं नाही."

पाडव्याच्या संध्याकाळी एक विचित्र गोष्ट झाली. वसुधानं मेणबत्त्या लावल्या आणि थोड्या वेळानं समोरच्या इमारतीत एका खिडकीत मेणबत्ती दिसली. मग तिच्या वरच्या. दूध आणायला ती खाली उतरली तेव्हा बेंडरबाईंच्या खिडकीतही एक जळत होती. दिनकरचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "बघ, यांना दिवाळी कळली," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी त्यानं पडद्याला हात लावला नाही.

वसुधाला मात्र शंका आली. दिवाळी इथं कुणाला ठाऊक असणार?

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात बेंडरबाई. अंगावर चर्चला जायचा काळा झगा. त्यांचे डोळे ओले होते, आणि सहा वर्षांत वसुधानं हे पाहिलं नव्हतं. त्यांनी वसुधाचा हात दोन्ही हातांत धरला. बोलल्या त्याचा अर्थ असा, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही भिंतीपलीकडच्या जर्मनीतल्या आमच्या माणसांसाठी खिडकीत मेणबत्ती लावतो. या आठवड्यात पलीकडच्या सरकारनं म्हाताऱ्यांना भेटीला यायची परवानगी दिली, गाड्या यायला लागल्या. माझी बहीण लाइपझिगला आहे. तिचं वय अजून भरत नाही, ती येऊ शकत नाही. आणि आमच्यातल्या कुणाला सुचायच्या आधी तुम्हाला सुचलं, एका परदेशी बाईला. सगळी गल्ली तुमच्याबद्दल बोलते आहे.

दिनकरला जर्मन येत नव्हतं. तो मागे उभा राहून विचारत होता, काय म्हणते, काय म्हणते. वसुधानं मराठीत थोडक्यात सांगितलं.

"मग हो म्हण," तो घाईनं म्हणाला. "ताई, हो म्हण. सगळ्या गल्लीत तुझं नाव होईल. कायमचं."

ते खरं होतं. एका 'हो'चं काम होतं. उद्यापासून पावाच्या दुकानात, जिन्यात, ती त्यांच्यातली झाली असती.

वसुधानं बेंडरबाईंचा हात सोडला नाही. ती म्हणाली, "फ्राऊ बेंडर, मला तुमच्या बहिणीबद्दल ठाऊक नव्हतं. हे दिवे तिच्यासाठी नाहीत. हा आमचा सण आहे. दरवर्षी असतो. मी मागच्या खिडकीत लावत होते."

बेंडरबाईंनी हात काढून घेतला. "आख सो," अस्सं होय, म्हणाल्या. खिडकीकडे एकदा पाहिलं आणि जिना उतरून गेल्या. जरा वेळानं दिनकर खाली सिगारेट ओढायला गेला आणि येऊन म्हणाला की खालची मेणबत्ती विझवली आहे.

"मिळालं?" तो म्हणाला. "आप्पांच्या वेळेसारखंच. खोटं बोलली असतीस तर त्या बाईला बरंच वाटलं असतं."

"तिनं बहिणीच्या नावानं दिवा लावला, दिनू. त्याचं पुण्य मी कसं घेऊ?" वसुधा भांडी आवरत होती, तिनं वळून पाहिलं नाही. "आणि माझ्या लक्ष्मीचे दिवे तरी मी दुसऱ्याच्या नावानं का सांगू? त्यांना लाज वाटावी असं काय आहे त्यांत?"

ती त्या दिवशी नीट जेवली नाही. बेंडरबाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. आपण खरं बोललो याचं तिला वाईट वाटत नव्हतं. पण खरं बोलल्यावर माणूस आपल्याजवळ उरतंच असं नाही, हे ती कऱ्हाडलाच शिकली होती.

भाऊबीजेच्या सकाळी श्रीनाथ कामावर गेला होता. वसुधा ओवाळायचं ताट करत होती, दिनकर पाटावर बसायच्या बेतात, आणि बेल वाजली. बेंडरबाई, रोजच्या एप्रनमध्ये, हातात केक भाजायचा लांबट पत्रा. आत या म्हणायच्या आत त्या आल्या आणि सरळ खिडकीशी गेल्या. बरण्या उचलून पाहिल्या. मग हाउसऑर्डनुंगच्या आवाजात सुरू झाल्या. लाकडावर मेण सांडलं आहे. बरण्या पत्र्यात ठेवायच्या, लाकडावर नाही. आणि पडद्याची ही किनार ज्योतीपासून किती लांब आहे? इमारत जाळायची आहे का? पडदा काढा. सण संपेपर्यंत इथं पडदा नको.

वसुधानं भाषांतर केलं. "पडदा काढायला सांगताहेत."

दिनकर बघतच राहिला. "अख्खा?"

"गेनाऊ," अगदी बरोबर, बेंडरबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्न कळला होता. त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि त्याच्याकडे बोट केलं. आणि तो धोतराचा सोगा सावरत, भाऊबीजेसाठी ताईनं हट्टानं नेसवलेल्या पांढऱ्या धोतरात, स्टुलावर चढला आणि एकेक कडी दांडीवरून सोडवू लागला. खाली रस्त्यावरून सकाळपाळीला उशीर झालेला एक माणूस सायकल हातात धरून चालला होता; तो थांबून वर पाहू लागला. दिनकरला खाली उतरता येईना, पडद्याचं सगळं ओझं हातात होतं. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं मान लववली. त्या माणसानं टोपीला हात लावला आणि गेला.

बेंडरबाईंनी पत्रा खिडकीत बसवला, बरण्या एका रेषेत लावल्या. जाताना वसुधाला म्हणाल्या की माझी मेणबत्ती मी नाताळात लावीन, तेव्हाच लावायची असते. मी घाई केली. या तुमच्या आहेत, तुमच्याच दिवशी लावा. बहिणीचं नाव हिल्डेगार्ड. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते.

दार लागल्यावर दिनकर पडदा पोटाशी धरून स्टुलावरच बसला. खोलीत लख्ख उजेड आला होता. वसुधानं निरांजनाची वात पुढे केली, कुंकवात बोट बुडवलं.

"ताई," तो म्हणाला, "इथं पितळेचे स्क्रू मिळतात का गं? बारीक, गोल डोक्याचे. पाटीचे मी फेकून दिले, मूर्खासारखे."

वसुधाचा हात मधेच थांबला. तिला भरून आलं होतं, पण ते दाखवणं तिला जमायचं नाही. तिनं ताट खाली ठेवलं आणि दाराकडची टोपली उचलून त्याच्या हातात दिली.

"कोपऱ्यावर दुकान आहे, जेवायच्या वेळेला बंद होतं. आधी ते घेऊन ये. ओवाळणी मग."

"या धोतरात?"

"धोतरातच. आणि नाव विचारलं तर पूर्ण सांग."