तळ दिसणारं पाणी

सेतुमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शोळिंगनल्लूरला ऑफिसच्या कँटीनमध्ये दहीभात खात होतो. ताट तसंच टाकून अण्णा नगरला मामाच्या घरी निघालो. वाटभर एकच विचार, अम्माला कसं सांगायचं... आणि त्याहून मोठं, जे तिला कधीच सांगितलं नाही त्याचं काय करायचं.

मामा शहराच्या उत्तरेला एका कारखान्यात इंजिनियर होता. कोळशाच्या धुरानं भोवतालची वस्ती खोकायची, वाळत घातलेली धोतरं काळी व्हायची. तक्रारी वाढल्या तेव्हा मामानं हट्टानं धुराडं दुप्पट उंच करवून घेतलं. धूर वरच्या वर निघून जाऊ लागला. वस्तीनं मामाला हार घातला; तो फोटो त्याच्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षं होता आणि आम्ही पोरं तो पाहुण्यांना मिरवून दाखवायचो. धूर जातो कुठं, हे कुणी विचारलं नाही. मामानंही नाही.

वारा समुद्राकडून आत वाहतो. आत, तांबड्या मातीच्या एका गावात माझी अम्मा, म्हणजे मामाची अक्का, राहते. घरामागे दगडी पायऱ्यांचं लहानसं तळं आहे. निवृत्त झाल्यावर मामा माझ्याबरोबर तिकडे आला तेव्हा तळ्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

"बघ की सेतु," अम्मा कौतुकानं म्हणाली, "शेवाळ नाही, काही नाही. आपल्या लहानपणी असलं पाणी होतं कां?"

मामा पायरीवर बसून पाण्याखालचा दगड चाचपत राहिला. तिथं पूर्वी गोगलगायी चिकटलेल्या असत. एकही हाताला लागली नाही. मासा दिसेना, बेडूक दिसेना.

"अक्का, बगळे येतात कां?"

"कुठले रे. इकडे फिरकत नाहीत आता."

मामानं हात पुसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

संध्याकाळी मला त्यानं समजावून सांगितलं. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू ढगात मिसळतो, त्याचं आम्ल होतं, ते पावसाबरोबर उतरतं. आधी मातीतला चुना संपवतं, मग तळ्यात शिरतं. पाणी नितळ झालं होतं, कारण त्यात जगण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"त्या बाजूला कारखाने ढीगभर आहेत, मामा," मी म्हणालो.

"असतील रे. हार माझ्या गळ्यात होता." मग खाली बघत म्हणाला, "अक्कास सांगू नको. मग मजच्यानं तिच्यापुढे बसवणार नाही."

फोटो माळ्यावर गेला. दर दिवाळीला मामा चुन्याची पोती घेऊन यायचा आणि पायऱ्यांना लावायला म्हणून सांगत गुपचूप तळ्यात ओतायचा. गाडी मी चालवायचो. माझं कॉलेज त्याच्याच पगारावर झालं, त्यामुळे ही लाज एकट्या मामाची आहे असं मला कधी म्हणता आलं नाही. तेराव्याला कुणीतरी तो फोटो माळ्यावरून काढला, पुन्हा हार घातला, धुराड्याचं कौतुक झालं... मी मान खाली घालून पायसम वाढत राहिलो.

परवा गावी गेलो. मागच्या ओट्यावर मामाचं शेवटचं पोतं तसंच पडलेलं. म्हटलं, आता सांगून टाकू.

"अम्मा, हा चुना..."

"ठाऊक आहे मज. चार पायऱ्यांस इतका चुना कोण लावतो? तो न जेवता बसला ना, तेव्हाच उमगलं. पुढे वाचलंही मी, गंधकाचं, पावसाचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तो यायचा थांबला असता."

तिनं पदर खोचला आणि पोत्याची गाठ सोडायला बसली. दुसरं टोक मी धरलं. तळ अजून तसाच स्वच्छ दिसतो.